सोनवाळूचा मुलूख

हिंगोली जिल्ह्यातील आमचे गोरेगाव आणि त्याच्या भोवतीचा सारा सेनगाव तालुका ज्या काळ्या पाषाणावर वसला आहे, त्या पाषाणाने या मुलखाला कापूस पिकविणारी जमीन दिली, औंढ्याच्या नागनाथाला देवालयाचे चिरे दिले आणि विहिरी खणणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळावयास लावले. सोन्याच्या बाबतीत मात्र त्याने हात आखडताच ठेवला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा बसाल्ट तयार झाला, आणि त्यात सोन्याचा अंश असलाच तर तो इतका नगण्य व इतका विखुरलेला असतो, की कयाधूसारख्या नदीने हा दगड हजारो वर्षे दळून काढला तरी तिच्या वाळूत वेचण्याजोगा कण साचत नाही.

हल्ली भ्रमणध्वनीच्या पडद्यावर अमेरिकेतील किंवा ऑस्ट्रेलियातील एखादा गृहस्थ गुडघाभर पाण्यात उभा राहून प्लास्टिकच्या परातीत वाळू घोळवितो आणि शेवटी कडेला राहिलेले चार पिवळे कण बोटाच्या टोकावर घेऊन दाखवितो, ते पाहून आमच्याकडील तरुण मंडळींनाही ‘आपल्या नदीत हे का होऊ नये?’ असा प्रश्न पडतो. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर एका ठिकाणी सापडत नाही. काही भूशास्त्राच्या दफ्तरात, काही जातीपातींच्या नोंदींत, काही संस्थानी कारभाराच्या बाडांत आणि उरलेले खनिजविषयक कायद्याच्या कलमांत, असे ते विखुरलेले आहे.

प्रथम नदीचे वर्तन पाहू. सोने हे पाण्याहून एकोणीस पटींपेक्षाही जड, गारेची साधी वाळू अडीच पटींहून किंचित अधिक जड, आणि चुंबकाला चिकटणारी काळी लोहवाळू पाच पट जड, एवढ्या एका भेदावर सारा खेळ अवलंबून आहे. डोंगराच्या पोटातील गारेच्या शिरांत अडकलेले सोने ऊनपावसाने खडक झिजला की मोकळे होते, ओढ्याच्या वाटेने नदीत उतरते आणि पुराच्या लोंढ्यात गोट्यांबरोबर फरफटत जाते. पण लोंढ्याचा जोर जेथे ओसरतो तेथे सर्वांत आधी तेच खाली बसते. म्हणून जाणता माणूस नदीचे सारे पात्र उकरीत बसत नाही. वळणाच्या आतील बाजूचा वाळूचा पट्टा, मोठ्या धोंड्याच्या खालच्या अंगाचा आडोसा, अरुंद घळीतून निघालेला प्रवाह जेथे एकदम रुंदावतो ती जागा, आणि विशेषतः तळच्या खडकाला प्रवाहाच्या आडव्या पडलेल्या भेगा, एवढीच ठिकाणे तो पारखतो. भेगेतील चिखल खरवडून घेताना तो मूठभर मातीही वाया जाऊ देत नाही. पाऊसकाळ संपून पाणी उतरले की हा शोध नव्याने सुरू करता येतो, कारण प्रत्येक पूर जुनी मांडणी मोडून नवी मांडून गेलेला असतो.

धुण्याची कृती सांगावयास सोपी आणि हाताला बसावयास अवघड आहे. परात दोनतृतीयांश वाळूने भरून पाण्याखाली धरावयाची, हाताने चुरून चिकणमाती विरघळवून टाकावयाची, मोठे खडे निवडून फेकावयाचे, मग परात आडवी हलवीत राहावयाचे, म्हणजे जड ते तळाशी जाते. त्यानंतर ती किंचित कलती करून वरची हलकी वाळू पाण्याच्या हवाली करावयाची. सुपाने धान्य पाखडणारी बाई जे काम वाऱ्याकडून करवून घेते, तेच येथे पाण्याकडून करवून घ्यावयाचे असते. असे पुनःपुन्हा करता करता शेवटी चमचाभर काळी वाळू उरते, तिच्यावर ओंजळभर पाणी घालून परात हळूच गोल फिरविली की काळी वाळू पंख्यासारखी पसरत पुढे सरकते आणि सोने असेल तर ते मागे, रेषेसारखे, रेंगाळते. कयाधूची वाळू अशी धुतली तर काळ्या वाळूपर्यंतचा प्रवास यथासांग होतो; लोहचुंबक फिरवावा तो त्याला भरभरून दाढी फुटते, पण मागे पिवळी रेषा काही उमटत नाही. क्वचित एखादा चकाकणारा कण हर्ष देऊन जातो, त्याची परीक्षा सुईच्या टोकाने करावी: अभ्रकाचा पापुद्रा सुटून येतो, मूर्खांना भुलविणारे लोहमाक्षिक दाबल्यावर चुरा होते, आणि खरे सोने नुसते चेपते. सावलीत धरल्यावरही ज्याचा पिवळेपणा कायम राहतो ते सोने, हा दुसरा कस.

मुळात सोने पृथ्वीवर निर्माणच होत नाही, ही गोष्ट या ठिकाणी सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण तिचा संबंध आमच्याच जिल्ह्याशी येऊन पोहोचला आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची गुरुत्वलहर लायगो व व्हर्गो या वेधशाळांनी टिपली, आणि त्या टकरीच्या प्रकाशाचे पृथक्करण करताना सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशाच उत्पातांत घडतात या तर्काला भक्कम आधार मिळाला. त्याच जातीची वेधशाळा औंढा नागनाथ तालुक्यात उभी राहावयाची असून केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्या सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. चार चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेले हे यंत्र अशाच शांत, आवाजरहित जमिनीवर बसवावे लागते. ज्या मुलखाच्या वाळूत सोने नाही त्याच मुलखात सोने घडण्याचा धक्का ऐकण्याची सोय व्हावी, हा योगायोग कोणा पुराणिकाला सुचला नसता.

आता काळ्या पाषाणाची हद्द ओलांडून पूर्वेस वैनगंगेच्या खोऱ्यात उतरावे. भंडारा, गोंदिया व नागपूरचा पूर्वभाग येथे लाव्ह्याची चादर संपते आणि तिच्याखालचे अब्जावधी वर्षांचे खडक उघडे पडतात. साकोलीच्या आसपासच्या अशाच खडकांत परसोडी, कोलारी-भावरी या गावांजवळ सोन्याचे अंश असल्याचे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने नमूद केलेले आहे. शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी ही गोष्ट ज्यांना ठाऊक होती त्यांचे नाव सोनझरी. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड’ या नोंदीच्या पोटात पन्नासांवर नावे येतात. त्यांत लोखंड गाळणारे अगरिया आणि असुर आहेत, तसेच ‘सोनझरी झरेका’ हेही नाव आहे, म्हणजे धातूच्या दोन्ही टोकांचे जाणकार सरकारी यादीत एकाच कलमाखाली नांदत आहेत. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर लिहिलेल्या, १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या चार खंडांत सोनझरांवर स्वतंत्र टिपण आहे. गोंदियाला लागूनच असलेला बालाघाट, त्यापलीकडचा मंडला आणि ओरिसातील संबळपूर या भागांत नद्यांची पात्रे धुऊन पोट भरणारी, मूळची गोंडांतून फुटून निघालेली ही लहानशी व्यवसायजात असल्याचे ते सांगतात.

सोन्याशी दिवसरात्र गाठ असलेली ही माणसे दरिद्री का राहिली, याचे कोडे वाटावयाचे कारण नाही. आपल्या जुन्या वजनांत ९६ गुंजांचा एक तोळा होतो आणि गुंज म्हणजे आजच्या हिशेबाने एक दशांश ग्रॅमहून थोडी अधिक. नदीची घमेलीच्या घमेली वाळू धुतल्यावर जे हाती येते ते बहुधा गुंजेच्याही अंशात मोजावे लागते. शिवाय हे काम बारमाही नाही, पूर असताना करता येत नाही, आणि मिळालेला माल ज्याच्याकडे न्यावयाचा तो सराफ वजनाला व कसाला दोन्हीकडून काटत असे. तरीही कोणत्या नदीच्या कोणत्या वळणावर वाळू ‘लागते’ हे ज्ञान त्यांनी पिढ्यांमागून पिढ्या जपले, आणि पुढे ज्या ज्या साहेबाने हिंदुस्थानात सोन्याच्या खाणीचा नकाशा काढला त्याने आधी असल्या धुणाऱ्यांच्याच मागे फिरून काढला.

याचा उत्तम दाखला मुंबई इलाख्याच्या जुन्या धारवाड जिल्ह्यात मिळतो. गदगजवळच्या कप्पतगुड्डाच्या डोंगरातून निघणारे नाले धुण्याचा उद्योग तेथील जालगार नावाचे लोक करीत. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने, ज्याला १८६३ साली मद्रासजवळ अश्मयुगातील कुऱ्हाड सापडल्यामुळे आपण एरवी पुरातत्त्वाच्या इतिहासात ओळखतो, त्याने त्याच, दंबळ नावानेही ओळखल्या जाणाऱ्या, डोंगरातील सुवर्णयुक्त खडकांवर १८७४ मध्ये लेख लिहिला. ज्या नाल्यांत वाळू ‘लागते’ त्या नाल्यांच्या उगमाकडे चालत जावे म्हणजे शिर सापडते, ही भूशास्त्राची रीत. आणि नाले कोणते हे दाखविणारा जालगार. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या भागात विलायती भांडवलाच्या कंपन्या धावून आल्या, भागांचे भाव चढले, विवरे खोदली गेली, आणि थोड्याच वर्षांत बहुतेक गाशा गुंडाळून परतल्या. शिरहट्टीचा तालुका तेव्हा सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात असल्यामुळे तेथील एका खाणीला ‘सांगली माइन’ हे नाव पडले. सांगलीच्या हळदबाजाराचा लौकिक ऐकून मोठे झालेल्या किती सांगलीकरांना आपल्या नावाची सोन्याची खाण कर्नाटकात आहे हे ठाऊक असेल, याची शंकाच आहे.

आमच्या हिंगोलीचा संबंध याहूनही जवळचा आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हिंगोली आणि रायचूर ही दोन्ही ठिकाणे निजामाच्या एकाच अंमलाखाली होती, आणि रायचूरच्या लिंगसुगूर तालुक्यातील हट्टी येथे, आमच्यापासून सुमारे चारशे किलोमीटरांवर, धारवाडी जातीच्या खडकांत सोने होते. प्राचीनांनी तेथे आगीने खडक तापवून व पाण्याने तडकवून शेकडो फूट खोल विवरे पाडली होती. निजाम सरकारने खनिजांचा मक्ता हैद्राबाद (डेक्कन) कंपनीस १८८६ साली दिला, त्या मक्त्याच्या व्यवहारात एवढी लबाडी निघाली की तिची चौकशी १८८८ मध्ये लंडनच्या पार्लमेंटाला करावी लागली; ती कहाणी स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १९४७ मध्ये हैद्राबाद गोल्ड माइन्स ही कंपनी निघाली, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत रायचूर म्हैसूरकडे व मराठवाडा मुंबईकडे गेला, आणि एका सरकारच्या दफ्तरातील सोने व काळी जमीन यांची फारकत झाली. कोलारच्या खाणी २००१ साली बंद पडल्यानंतरही हट्टीची खाण चालूच राहिली.

त्याच मुलखात सोन्याच्या शोधाने एकदा सोन्याहून मोलाची गोष्ट हाती दिली. १९१५ साली बीडन नावाचा एक खाण-अभियंता सोन्याच्या शोधात मस्की गावाजवळच्या टेकडीवर भटकत असता त्याला खडकावर कोरलेली अक्षरे दिसली. तोवर देशभर सापडलेल्या धर्मलिपींत राजा स्वतःला ‘देवानांप्रिय प्रियदर्शी’ म्हणवीत होता. तो अशोकच, हे विद्वानांनी इतर ग्रंथांच्या आधारे ठरविले होते. मस्कीच्या खडकावर मात्र अशोक हे नावच स्पष्ट कोरलेले निघाले. हैद्राबाद संस्थानच्या नव्या पुराणवस्तुखात्याने आपल्या ग्रंथमालेचा पहिला अंक याच लेखाला दिला.

परदेशात हाच उद्योग करमणुकीचा कसा झाला, हेही पाहण्याजोगे आहे. कॅलिफोर्नियात २४ जानेवारी १८४८ रोजी जेम्स मार्शल यास लाकूडकापणीच्या गिरणीच्या पाटात सोने दिसले आणि जगभरातून माणसे लोटली. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया वसाहतीत परवान्याच्या जाचक फीविरुद्ध बॅलरॅट येथे १८५४ च्या डिसेंबरात खाणकामगारांनी बंड केले, तेव्हा सरकारने १८५५ मध्ये वार्षिक एक पौंडाचा ‘मायनर्स राइट’ हा दाखला सुरू केला. तोच दाखला आजही अल्प फीवर मिळतो, आणि निवृत्त शिक्षक, बँकेतील कारकून, शाळकरी मुले अशी मंडळी शनिवार-रविवारी परात घेऊन नदीवर जातात. न्यूझीलंडमध्ये सरकारने काही नद्यांचे तुकडे यासाठीच राखून ठेवले असून तेथे फावडे आणि परात चालते, यंत्र चालत नाही. हा भेद मला अत्यंत शहाणपणाचा वाटतो. हाताने धुणारा माणूस दिवसभरात नदीचा जेवढा भाग हलवितो तेवढा एक मध्यम पूर क्षणार्धात हलवितो. यंत्राची गोष्ट निराळी.

ते यंत्र म्हणजे तराफ्यावर बसविलेला पेट्रोलचा पंप. पाणबुड्याचा पोशाख केलेला माणूस तळाशी जाऊन एक जाड नळी फिरवितो, ती नळी वाळू, गोटे, गाळ सारे ओढून वर आणते, आडव्या पट्ट्या ठोकलेल्या एका उतरत्या पन्हळीतून तो लोंढा वाहू दिला जातो, पट्ट्यांच्या मागे सोने अडते आणि बाकीचे पुन्हा नदीत पडते. पाहावयास निरुपद्रवी वाटणाऱ्या या योजनेत दोन दोष आहेत. ज्या गोट्यांच्या थरात सामन मासे अंडी घालतात तोच थर उलटापालटा होतो. आणि एकोणिसाव्या शतकात सोने पकडण्यासाठी कॅलिफोर्नियात वापरलेला व वाहून गेलेला हजारो टन पारा गाळात निजलेला असतो, तो पुन्हा जागा होऊन माशांच्या व त्यांच्यामार्गे माणसांच्या पोटात जातो. कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये या यंत्रांवर बंदी घातली, आणि त्यानंतर छंदिष्टांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे न्यायालयांच्या पायऱ्या झिजविल्या.

आमच्या वाचकाला हे यंत्र परके वाटण्याचे कारण नाही. भीमेच्या, गोदावरीच्या पात्रात रात्री वाळू उपसणारी ‘सेक्शन बोट’ हे त्याचेच दांडगे भावंड. फरक एवढाच, की तिकडचा गडी वाळू टाकून सोने ठेवतो आणि इकडचा वाळूलाच सोने मानून टिप्पर भरतो. महसूल खात्याने अशा बोटी पकडून जिलेटिनच्या स्फोटाने बुडविल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वरचेवर वाचतो. वाळूचा थर असा खडकापर्यंत खरवडून निघाला की भोवतीच्या विहिरींचे पाणी उतरते, हे शेतकऱ्याला कोणत्याही अहवालाशिवाय समजते.

कायद्याचे म्हणाल तर तो छंद आणि धंदा यांत भेद करीत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या ४८ व्या कलमाने भूमीतील खनिजांवर सरकारचा हक्क सांगितला आहे. खाणी व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ याच्या चौथ्या कलमाप्रमाणे परवान्याशिवाय खनिजाचे पूर्वेक्षण करणे वा खाण चालविणे मना आहे, आणि सोने हे वाळूमुरुमासारखे गौण खनिज नव्हे. न्यूझीलंडप्रमाणे छंदिष्टांसाठी राखलेला नदीचा तुकडा किंवा व्हिक्टोरियासारखा स्वस्त दाखला आपल्याकडे नाही. परातीत सोन्याच्या कणांऐवजी जुनी मोहर किंवा होन निघाला तर तिसरा कायदा उभा राहतो: १८७८ चा निखात निधी अधिनियम सांगतो की दहा रुपयांहून अधिक किमतीचे गाडलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास वर्दी द्यावी. दहा रुपयांची ती मर्यादा व्हिक्टोरिया राणीच्या काळची असून तशीच राहिली आहे. माझ्या मते भंडारा-गोंदियाकडील एखाद्या नदीचा लहानसा पट्टा परातीपुरता मोकळा करून तेथील सोनझरी कुटुंबांना शिकविण्याचे मानधन देण्याने सरकारचे काही बिघडणार नाही. २०२२ साली चंद्रपूर व सिंधुदुर्गात सोन्याचे साठे असल्याची घोषणा तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी केली, तेव्हा खाणपट्ट्यांची चर्चा पुष्कळ झाली. परातवाल्यांची कोणी काढली नाही.

तोपर्यंत सोने धुण्याचे जे एकच रूप मराठी माणसाला घरच्या जवळ पाहावयास मिळते ते नदीवर नसून सराफ्याच्या गल्लीत आहे. झारेकरी, सोनझारी, मुंबईच्या झवेरी बाजारात घमेलावाले, अशा नावांनी ओळखली जाणारी ही माणसे पहाटे दुकाने उघडण्याआधी गल्लीतील धूळ ब्रशाने झाडून गोळा करतात, गटारातील गाळ पाटीत भरतात आणि पाणी घालून तो घमेल्यात नेमका तसाच घोळवितात जसा कप्पतगुड्डाचा जालगार नाल्यात घोळवीत असे. कानस चालविताना उडालेला कीस, बागेसरीतील म्हणजे सोनाराच्या शेगडीतील राख, कारागिराच्या पायपुसण्यातील माती, हे सारे त्यांचे कच्चे धन. शेवटी उरलेल्या काळ्या गाळात पारा घालून चोळला की सोने त्याला मिठी मारते, मग फडक्यातून पिळून जास्तीचा पारा काढतात व गोळी तापवितात. पारा उडून जातो, सोने राहते. तो उडालेला पारा बंद खोलीत बसलेल्या माणसाच्या छातीत जातो, आणि चांदी व तांबे वेगळे करण्यासाठी वापरलेल्या तेजाबाची वाफही तिकडेच. कारखानदार आपल्या जमिनीवरील कचऱ्याचा वर्षाचा सौदा ठरवून देतात, कारागिरांनी हात धुतलेले पाणीसुद्धा पिंपात साठवून विकतात, आणि जुनी फरशी बदलावयाची झाली तर ती उखडण्याआधी झारेकऱ्याला बोलावून सांध्यांतील मातीचा भाव करून घेतात.